आमच्या गावाला जनसुनावणी लागली आहे: काय विचारायचं, कसं विचारायचं?

पांदण (धागाकर्ता) | ६ डिसेंबर

मंडळी, नोकरीमुळे मी पुण्यात आहे. घर, वावर, आईबाबा सगळं चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात. सिमेंटचे कारखाने या भागात आधीपासून आहेत, त्यामुळे धूळ, ट्रक आणि सुरुंग आम्हाला नवे नाहीत. आता आमच्या शिवाराला लागून नवी खाण येते आहे. परवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली: पर्यावरणविषयक जनसुनावणी, जानेवारीचा पहिला आठवडा, सकाळी ११ वाजता.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चर्चा नावाभोवती फिरायला नको, मला पद्धत समजून घ्यायची आहे.

कंपनीची माणसं दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा गावात आली. शाळेत दप्तरं वाटली. मंदिराच्या सभामंडपाला टाइल्स बसवून दिल्या. दिवाळीआधी नेत्रतपासणी शिबिर घेतलं, आमच्या मोठ्या आईला तिथेच चष्मा मिळाला. तो चांगला आहे, ती रोज लावते. या गोष्टींना मी नावं ठेवत नाही.

पण गेल्या आठवड्यात प्रकल्पाचा अहवाल वाचायला घेतला. मागे जोडलेल्या कागदांत ‘ग्रामस्थांशी संवाद बैठक’ अशा मथळ्याचं एक उपस्थितीपत्रक आहे. ७४ नावं, सह्या आणि अंगठे. त्यात मोठ्या आईचा अंगठा आहे. तारीख शिबिराची. बैठक झालीच नव्हती. रांगेत उभं राहून नाव लिहिलं, डोळे तपासले आणि लोक घरी गेले. त्या दिवशी खाणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. बाबा म्हणतात, ‘सुनावणीले जाऊन काय होते? ते ठरवून येतात.’ खरंच ठरलेलं असतं का? ज्यांनी अशा सुनावण्या पाहिल्या आहेत, कंपनीच्या बाजूने काम केलं आहे, त्यांनी कृपया लिहा. महिना हातात आहे.

---

मीनल_वकील | ७ डिसेंबर

ठरलेलं असतं असं समजून घरी बसू नका, ही हात जोडून विनंती. आमच्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांत आठ वेळा लोक सुनावणी होऊन गेल्यावर येतात.

ही सुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे होते. ती कंपनीची सभा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. किमान ३० दिवसांची नोटीस लागते. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळाली पाहिजे, आणि सारांश मराठीत हवा. गणसंख्येची अट नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. म्हणून ‘बहिष्कार टाकू’ म्हणणाऱ्यांनी दहा वेळा विचार करावा. तुमच्या रिकाम्या खुर्च्या इतिवृत्तात ‘हरकत नाही’ म्हणून वाचल्या जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं. सुनावणी संपताना जे नोंदवलं ते सगळ्यांसमोर मराठीतून वाचून दाखवायचं असतं, आणि मगच त्यावर सही होते. बहुतेक ठिकाणी तोवर लोक उठून गेलेले असतात. तुम्ही उठू नका. वाचन होऊ द्या, जे गाळलं असेल ते तिथल्या तिथे लिहायला लावा.

हे इतकं महत्त्वाचं का? ३० सप्टेंबर २०२० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर, सुनावणीत कंपनीने जे कबूल केलं ते पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात यावं लागतं. आराखड्यात आलं की ते प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीशी बांधलं जातं. पारावर दिलेला शब्द कुठेच बांधला जात नाही.

त्या उपस्थितीपत्रकाबद्दल: ज्यांच्या सह्या-अंगठे आहेत त्यांनी ‘ही बैठक झाली नव्हती, हे नेत्रशिबिर होतं’ असं स्वतंत्र निवेदन मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात सुनावणीआधी द्यावं. लेखी म्हणणं आधी देता येतं. पोच घ्यायला विसरू नका.

---

खारेपाट | ७ डिसेंबर

आमच्या पेण तालुक्याची गोष्ट सांगतो. महामुंबई सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्राचा) काळ. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, जमीन द्यायची की नाही यावर. सरकारी यंत्रणेने प्रकल्पासाठी शेतकऱ्याला थेट ‘तुला काय वाटतं’ असं विचारणं, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. माझी आजी नऊवारी नेसून, सातबारा पिशवीत घालून गेली होती. सातबारा कुणी मागितला नव्हता, पण तिला तो जवळ हवा होता. कौल विरोधाचा होता आणि पुढे भूसंपादन बारगळलं.

त्याआधीची दोन-तीन वर्षं मात्र विसरू नका. गावोगाव बैठका, मोर्चे, उपोषणं झाली म्हणून ते मत घ्यावं लागलं. कंपनीचे दलाल त्या काळात एकेका घरात वेगळे जाऊन बसत. भावाभावांत वेगवेगळे भाव सांगत. गावाशी एकत्र बोलायचं टाळून घराघरात बोलणं सुरू झालं की सावध व्हा. आम्ही एक नियम केला होता: कंपनीचा माणूस आला की त्याला ओट्यावर बसवायचं, घरात घ्यायचं नाही. चहा द्यायचा, पण सगळ्यांसमोर.

---

आयटीआय_फिटर | ८ डिसेंबर

इथे सगळे विरोधाचंच लिहिताहेत म्हणून लिहितो. मी त्याच पट्ट्यातला आहे. घरी चार एकर कोरडवाहू. कापसाचं काय होतं ते सांगायची गरज नाही. फिटर ट्रेड करून चार वर्षं झाली, सध्या हैदराबादला आहे. मला घराजवळ काम हवं आहे, आणि माझ्यासारखे गावात तीस-चाळीस जण आहेत. खाण नको म्हणणाऱ्यांनी आम्हाला काय द्यायचं ठरवलं आहे? सुनावणीला आम्ही ‘प्रकल्प हवा’ म्हणायला उभे राहिलो तर आम्हाला विकाऊ म्हणू नका.

---

पांदण | ८ डिसेंबर

@आयटीआय_फिटर, तुम्हाला विकाऊ म्हणायचा प्रश्नच नाही. माझा सख्खा चुलतभाऊ तुमच्याच बाजूचा आहे. मी स्वतः पोटासाठी गाव सोडलं, तर कुठल्या तोंडाने म्हणू की रोजगार नको? मला एवढंच हवं आहे की जे देणार ते आधी स्पष्ट सांगावं.

---

निवृत्त_व्यवस्थापक | ९ डिसेंबर

खाण आणि कारखाना मिळून २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा ‘समाजविकास’ विभागात. आतून काय दिसतं ते प्रामाणिकपणे लिहितो.

पहिली गोष्ट. कंपनीत गावाशी बोलणारी माणसं वेगळी आणि निर्णय घेणारी वेगळी. गावात येतो तो संपर्क अधिकारी. त्याच्या हातात दप्तरं, शिबिरं, क्रिकेटच्या स्पर्धा एवढंच असतं. सुरुंग किती वाजता उडवायचा, ट्रक कोणत्या रस्त्याने न्यायचे, खाणीत साठलेलं पाणी कुठे सोडायचं, हे खाण व्यवस्थापक ठरवतो, आणि तो गावात कधीच येत नाही. तुम्ही गोड माणसाशी वर्षभर बोलता, आणि त्याच्या हातात काहीही नसतं. म्हणून मागणी करा की महिन्यातून एकदा खाण व्यवस्थापकाने स्वतः ग्रामपंचायतीत बसावं.

दुसरी. साहेब बदलतात. माझ्या काळात पाच युनिट हेड आले आणि गेले. प्रत्येकाने मनापासून शब्द दिला, आणि प्रत्येकाबरोबर तो शब्द बदली होऊन गेला. ‘प्रत्येक घरात एक नोकरी’ हे वाक्य मी स्वतः गावसभेत म्हटलं आहे. मला वरून तसंच सांगितलं होतं. ते कुठल्याही कागदावर नव्हतं. त्या गावातले लोक अजून मला ओळखतात, आणि बाजारात भेटले की मला खाली बघावं लागतं.

तिसरी गोष्ट चांगली आहे. आमच्याकडे एक खाण अभियंता तीन वर्षं होते. दर मंगळवारी संध्याकाळी ते गावच्या पारावर बसत, मांडीवर लाल कापडी बांधणीची नोंदवही. तक्रार आली की क्रमांक टाकायचा, तारीख टाकायची, कार्बन ठेवून दुसरी प्रत तक्रार करणाऱ्याच्या हातात द्यायची. पुढच्या मंगळवारी पहिलं काम मागच्या मंगळवारची पानं वाचणं. ‘हे झालं’, ‘हे होणार नाही, कारण असं’, ‘याला महिना लागेल’. ‘होणार नाही’ हे तोंडावर सांगणारे ते आमच्यातले एकटेच होते, आणि गावाचा सर्वांत जास्त विश्वास त्यांच्यावरच होता. भिंतीला तडा गेल्याची तक्रार आली तेव्हा त्यांनी कंपनमापक यंत्र त्याच घराच्या ओट्यावर ठेवलं आणि घरमालकाला आकडा वाचून दाखवला. ते गेल्यावर ती वही माझ्या कपाटात आली. मी ती पुढे चालवली नाही. अंगात आळस नव्हता, पण वरून कुणी विचारत नव्हतं, आणि मी ते ओढून नेलं नाही.

---

हिशेबनीस | ९ डिसेंबर

वरच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. असं लिहायला धैर्य लागतं.

मी मुंबईत कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचं काम करते, म्हणून कागदाच्या बाजूने थोडं.

दप्तरं, चष्मे, टाइल्स हे सगळं सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खात्यातून येतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही लागू झालं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कायद्याने आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे, ते मात्र सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. खाणीमुळे विहीर आटली तर पाण्याची सोय करणं, रस्त्यावर पाणी मारून धूळ बसवणं, झाडांचा पट्टा लावणं, ही मंजुरीच्या अटींतली कामं. ती गावाला भेट म्हणून मिळत नाहीत. गावात हा फरक एकदा नीट समजला की बोलण्याचा सूर बदलतो. मागणारा आणि देणारा असं नातं राहत नाही.

खाणींसाठी तिसरा पैसाही असतो. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ठरावीक टक्क्यांइतकी जादा रक्कम जमा होते, ती खाणबाधित भागासाठीच. त्यातून तुमच्या गावाला काय आलं ते विचारा.

कंपनी शेअर बाजारात असेल तर आणखी एक. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात तक्ता असतो: स्थानिक समुदाय, भागधारक, कर्मचारी, ग्राहक, प्रत्येकाकडून वर्षात किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत. पांदण, या कंपनीची आधीची खाण जिथे आहे त्या गावातल्या लोकांना भेटा, आणि त्यांनी दिलेल्या अर्जांच्या पोचा त्या तक्त्याशेजारी ठेवून बघा.

---

धरणाकाठचा | १० डिसेंबर

मुळशी पेट्यातला आहे. आमचं मूळ गाव पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसतात. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट पुढे होते. टाटांच्या वीज कंपनीचं धरण. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालं. मुंबईला वीज मिळाली, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. पण घरात सांगतात ते हे: वाद पेटला तो शेतकऱ्याला न विचारता त्याच्या वावरात चाचणीचे चर खणले म्हणून. मोबदल्याचं बोलणं नंतरचं.

शंभर वर्षं झाली. विचारण्याआधी खणणं चालूच आहे. तुमच्या शिवारात बोअर मारून नमुने घेतले असतील तर कुणाच्या परवानगीने घेतले, हे सुनावणीत जरूर विचारा.

---

मीनल_वकील | १० डिसेंबर

दोन भर. खाणीत वनजमीन जात असेल तर २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. त्या वर्षी १२ ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारा जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदाही बघा.

आणि ‘८० टक्के लोकांची संमती लागते’ असं गावात कुणी सांगत असेल तर तपासून घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली ती अट सरकार खासगी कंपनीसाठी जमीन संपादित करतं तेव्हाची. कंपनी थेट खरेदीखत करून जमीन घेत असेल तर ती लागू होत नाही. या गैरसमजावर विसंबून गावं गाफील राहिलेली पाहिली आहेत.

@आयटीआय_फिटर, तुमच्यासाठी: ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ‘स्थानिकांना प्राधान्य’ हे शब्द निरर्थक आहेत. किती फिटर, किती इलेक्ट्रिशियन, कोणत्या वर्षी, कंपनीच्या हजेरीपटावर की ठेकेदाराच्या, असं विचारा.

---

सावली_९ | १० डिसेंबर

वाचते आहे. माझ्या माहेरी असंच काही सुरू होणार आहे. धागा वर राहू द्या.

---

पांदण | ६ जानेवारी

उशीर झाला, माफ करा. सुनावणी झाली. सविस्तर लिहितो.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. पुढे सोफे, मग खुर्च्या, मागे सतरंज्या. दोन पोलीस गाड्या. कंपनीच्या सल्लागाराने चाळीस मिनिटं पडद्यावर सादरीकरण केलं. उजेडामुळे पडद्यावरचं काही दिसत नव्हतं आणि निम्मं इंग्रजीत होतं. खारेपाट यांच्यासारखी आम्ही तयारी केली होती: दहा जणांनी एकेकच प्रश्न घ्यायचा, घोषणा नाहीत, प्रत्येकाने बसण्याआधी म्हणायचं, ‘हे लिहून घ्या’.

मोठी आई उठली. वय ७१, तोच चष्मा डोळ्यावर. तिने माईक हातात धरायला नकार दिला, चुलतभावाने तो तिच्या तोंडासमोर धरला. ती म्हणाली, ‘या चष्म्यासाठी म्या अंगठा देल्ला. खाणीसाठी नाही देल्ला. माह्या हिरीचं पाणी आटलं तं मंग कोण देईन, त्याचं नाव सांगा.’ आणि बसली नाही. उत्तर येईपर्यंत उभीच राहिली. सल्लागार म्हणाला, भूजलावर परिणाम होणार नाही. अपर जिल्हाधिकारी मॅडमनी त्याला थांबवलं आणि विचारलं, ‘झालाच तर?’ कंपनीच्या प्रतिनिधीला तेव्हा बोलावं लागलं: पाण्याची पर्यायी सोय कंपनी करेल. मोठी आई म्हणाली, ‘लिवा.’

मी विहिरींचं मोजमाप कधी केलं ते विचारलं. अहवालात एकाच हंगामाची आकडेवारी आहे, पावसाळा नुकताच संपल्यानंतरची. तेव्हा आमच्याकडे विहिरी तुडुंब असतात. एप्रिल-मेची मोजणी करू असं त्यांनी मान्य केलं, तेही लिहून घेतलं.

@आयटीआय_फिटर, आपले पंधराएक तरुण ‘प्रकल्प हवा’ म्हणाले, आणि टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मीनलताईंनी तुमच्यासाठी दिलेला प्रश्न त्यांनी जसाच्या तसा वाचला. उत्तर गोलमोल आलं: ‘धोरणानुसार’. ते ‘धोरणानुसार’ही इतिवृत्तात आहे.

तीन वाजता लोक उठायला लागले. मंडळाचे अधिकारी कागद आवरत होते. बाबा, जे येणारच नव्हते, ते पुढे गेले आणि म्हणाले, ‘वाचून दाखवा.’ वाचायला पंचावन्न मिनिटं लागली. दोन गोष्टी गाळल्या होत्या: उपस्थितीपत्रकाची हरकत आणि शाळेच्या वेळात ट्रक बंद ठेवण्याची मागणी. दोन्ही घालून घेतल्या. शेवटी मैदानावर साठेक माणसं उरली होती, त्यातल्या निम्म्या बाया.

शेजारच्या खाणीच्या गावातही जाऊन आलो. तिथे त्यांच्याकडे गेल्या वर्षातल्या अकरा अर्जांच्या पोचा आहेत. कंपनीच्या बीआरएसआरच्या तक्त्यात समुदायाच्या तक्रारी: शून्य.

खाण होईल की नाही, माहीत नाही. आमचं वावर धुऱ्याला लागून आहे, झोप नीट लागत नाही.

---

मीनल_वकील | ६ जानेवारी

डोळे भरून आले. मोठ्या आईंना नमस्कार सांगा.

त्या अकरा पोचांच्या प्रती जपा. मंजुरी मिळालीच तर ती स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करावी लागते, त्यावर लक्ष ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. आपल्यासाठी खंडपीठ पुण्यातच आहे. त्यानंतर दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल कंपनीने द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे.

---

निवृत्त_व्यवस्थापक | ७ जानेवारी

विहिरींची मोजणी कंपनीवर सोडू नका. तुम्हीही करा, आत्तापासून. दोराला वजन बांधून दर हातभर अंतरावर गाठ मारायची. काठावर एक जागा रंगाने ठरवायची, दर वेळी तिथूनच दोर सोडायचा. सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. तारीख, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. महिन्यातून एकदा पुरे. हवं असेल तर मी येऊन दाखवतो, चंद्रपूरपासून दूर नाही. माझ्याकडे ती जुनी लाल वही आहे, निम्मी कोरी आहे. ती आणतो.

---

पांदण | ८ जानेवारी

नक्की या. बाबांना फोन केला तर म्हणाले, रविवारी यायला सांग, जेवायलाच. चौदा विहिरींची यादी त्यांनी करून ठेवली आहे. पहिली मोठ्या आईची.